सुझुरीबाको: जपानी उरुशीची नक्षीदार लेखनपेटी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानहून भेट आलेली, लिलावातून घेतलेली किंवा आजोबांच्या कपाटात सापडलेली काळी-सोनेरी चपटी पेटी समोर ठेवून लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. घाईत असाल तर हवामान आणि साफसफाईचे प्रश्न आधी वाचा. पेट्या बिघडतात त्या बहुतेक तिथेच.

सुझुरीबाको म्हणजे नेमकं काय?

सुझुरी म्हणजे शाई उगाळायचा दगड. तो आणि त्याच्याबरोबरचं लेखनसाहित्य ठेवायची ही पेटी. आकार बहुधा चौरसाकडे झुकणारा: लांबी-रुंदी वीस ते सव्वीस सेंटिमीटर, उंची चार-पाच सेंटिमीटर. कागद ठेवायची पेटी वेगळी, ती मोठी आणि खोल असते. तिला र्योशीबाको म्हणतात. पत्रं ठेवायची लांबट पेटी म्हणजे फुबाको. श्रीमंत घरांत सुझुरीबाको, र्योशीबाको आणि बुंदाई नावाचं बुटकं लिहायचं मेज असा एकाच नक्षीचा संच करून घेत. त्यातली एखादीच वस्तू आज बाजारात येते आणि विक्रेता तिला सरसकट 'दागिन्यांची पेटी' म्हणतो. आत दगडासाठी खाच किंवा बैठक आहे का, हे आधी पाहा.

आत काय काय असतं?

पूर्ण संचात सुझुरी, सुमी म्हणजे शाईची कांडी, पाणी थेंबाथेंबाने घालायची सुइतेकी, एक-दोन कुंचले (फुदे), कागद कापायची छोटी सुरी, कागदाला भोक पाडायची आरी आणि कांडी झिजून बोटभर राहिली की धरायचा चिमटा, एवढं असतं. सुरी आणि आरी जुन्या पेट्यांतून हमखास हरवलेली असतात. त्यामुळे त्या नसल्या तरी पेटी बनावट ठरत नाही.

सुइतेकी बहुधा तांब्याची, पितळेची किंवा चांदीची असते आणि तिला दोन भोकं असतात. एकातून पाणी पडतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. हवेच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबते, उचललं की थेंब पडतो. सुइतेकीतून पाणीच येत नाही अशी तक्रार असेल तर बहुधा हवेचं भोक गंजाने किंवा धुळीने बुजलेलं असतं. बारीक लाकडी काडीने मोकळं करा. लोखंडी सुई घालू नका, भोकाची कड खरवडते.

सगळ्या पेट्यांची आतली मांडणी सारखीच असते का?

नाही. एका मांडणीत मधोमध दगड, त्याच्या वर सुइतेकी आणि दोन्ही बाजूंना उचलता येणारी अरुंद तबकं असतात. दुसरीत दगड आणि सुइतेकी डावीकडच्या फळीत बसवलेली असतात आणि उजवी बाजू कुंचल्यांना मोकळी. दगड काढून पाहा. चांगल्या पेटीत तो बैठकीत सैलही नसतो आणि अडकतही नाही, आणि पुष्कळदा त्याच्या कडेला पेटीशी जुळणारा सोन्याचा हात दिलेला असतो. दगड डगमगत असेल तर तो नंतर दुसरीकडून आणून बसवलेला आहे असं समजायला हरकत नाही.

झाकणंही निरनिराळी. काबुसेबुता हे पेटीच्या अंगावर टोपीसारखं बसतं आणि भिंती झाकतं. इनरोबुतात आतून कंगोरा असतो आणि झाकण-पेटीच्या कडा बाहेरून सपाट जुळतात. बऱ्याच पेट्यांच्या दोन्ही भिंतींना बोट घालायला अर्धवर्तुळाकार खाच असते. झाकण तिथूनच, दोन्ही हातांनी, सरळ वर उचलायचं. एका कोपऱ्यातून तिरकं उचललं की आतली हवा झाकण ओढून धरते, कड घासली जाते आणि टवका उडतो.

झाकणाच्या आतल्या बाजूला एवढी नक्षी कशासाठी?

लिहिताना झाकण काढून शेजारी उलटं ठेवतात, म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पूर्ण वेळ तीच बाजू असते. शिवाय हेइआन काळापासून (आठव्या ते बाराव्या शतकापर्यंतचा काळ) सुझुरीच्या झाकणाचा तबकासारखा उपयोग होई. त्यात ठेवून कविता, फुलं, फळंसुद्धा दिली जात. म्हणून चांगला कारागीर बाहेर गोष्टीची सुरुवात करतो आणि तिचा उलगडा झाकणाच्या आत ठेवतो. बाहेर भरगच्च सोनं आणि आत नुसतं काळं, अशी पेटी बहुधा विक्रीसाठी सजवलेली असते. आमच्या मते पेटीची पारख झाकण उघडल्याशिवाय करूच नये.

उरुशी म्हणजे आपली लाखच ना?

नाही, आणि हा गोंधळ पेटीला महागात पडतो. आपली लाख किड्यापासून मिळते. पळस-बोर-कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे राळ सोडतात, तिचा चपडा होतो आणि तो स्पिरिटमध्ये विरघळवला की फ्रेंच पॉलिश. सावंतवाडीच्या लाखकामाचं नातं या लाखेशी आहे. उरुशी हा झाडाचा चीक आहे. झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. एकदा वाळलेली उरुशी स्पिरिटने, टर्पेंटाइनने किंवा साध्या आम्लाने विरघळत नाही. म्हणूनच जुन्या पेटीला 'चमक आणायला' फ्रेंच पॉलिश मारणं म्हणजे परक्या जातीचा थर वर चढवणं. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि काढताना खालच्या सोन्याला धोका होतो.

चीक मिळणं सोपं नसतं. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला जूनपासून शरदापर्यंत आडव्या चिरा देत जातात. एका झाडातून जेमतेम 200 ग्रॅम चीक निघतो आणि हंगाम संपला की झाड तोडतात. मग बुंध्यातून फुटलेला कोंब पुन्हा वाढवायचा. जपानात वापरली जाणारी बहुतेक उरुशी आज चीनमधून येते. देशी उरुशीचं मोठं केंद्र म्हणजे इवाते प्रांतातलं जोबोजी. राष्ट्रीय ठेवा मानल्या गेलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीला देशी उरुशीच वापरावी, असं धोरण जपानच्या सांस्कृतिक खात्याने 2015 मध्ये जाहीर केल्यापासून तिला मागणी आणखी वाढली.

ती 'दमट हवेत वाळते' हे खरं आहे?

खरं आहे. साधा पाण्याचा रंग वाळतो तो त्यातला द्रव उडून गेल्यामुळे. उरुशीत तसं होत नाही. चिकात लॅकेज नावाचं विकर असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन उरुशिऑलचे, म्हणजे चिकातल्या मुख्य घटकाचे, रेणू एकमेकांत गुंफतं आणि हे काम चालायला त्याला दमटपणा लागतो: साधारण 70 ते 85 टक्के आर्द्रता आणि 20 ते 30 अंश तापमान. त्यासाठी कारागीर ओल्या फडक्यांनी दमट केलेलं लाकडी कपाट वापरतात. त्याला मुरो किंवा फुरो म्हणतात.

कोरड्या हवेत थर दिवसेंदिवस चिकटच राहतो. उलट आर्द्रता फार चढली आणि थर जाड असेल तर वरची साय आधी धरते, खालचं ओलं राहतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. सुरकुत्या पडल्या की तो थर काढून टाकण्यावाचून इलाज नाही. फार वेगाने वाळलेली उरुशी रंगानेही जास्त काळपट होते.

पेटीचा सांगाडा कसा तयार करतात?

लाकूड हिनोकी (जपानी सुरू), होनोकी (मॅग्नोलिया) किंवा किरी (पाउलोनिया), चांगलं सुकवलेलं. फळ्या दोन-चार मिलिमीटर इतक्या पातळ असतात. त्यामुळे पेटी मजबूत होते ती लाकडाने नव्हे, वरच्या थरांनी.

आधी लाकडाला कच्ची उरुशी पाजतात. सांधे थोडे खोलगट कोरून त्यांत उरुशी, भाताची खळ आणि लाकडाचा भुसा यांची लांबी (पुट्टी) भरतात. मग तागाचं किंवा अंबाडीसारख्या धाग्याचं विरळ कापड खळ-उरुशीने कडांवर आणि सांध्यांवर चिकटवतात. पुढे कोपरे फाटतात की टिकतात ते या कापडावर ठरतं. त्यावर भाजलेल्या मातीची भुकटी मिसळलेले अस्तराचे थर, भरडपासून बारीक असे. नोतो द्वीपकल्पावरच्या वाजिमा या उरुशीकामाच्या गावात या कामाला तिथलीच डायअ‍ॅटम माती भाजून वापरतात, आणि तिथल्या भांड्यांच्या टिकाऊपणाचं कारण ती माती आहे. प्रत्येक थर वाळला की पाणी लावून दगडाने घासायचा.

मग मधला लेप आणि वरचा लेप. काळा रंग काजळीने नव्हे, उरुशीत लोहाचा क्षार मिसळून येतो. लोह आणि उरुशिऑल यांच्या संयोगाने सगळा चीकच काळा होतो, म्हणून त्या काळ्याला खोली दिसते. तांबड्यासाठी हिंगूळ किंवा गेरूसारखी लोहभुकटी. आरशासारखी झिलई हवी असेल तर शेवटचा थर कोळशाने सपाट घासतात, पातळ उरुशी चोळून पुसतात आणि हरणाच्या शिंगाची राख तेलात घेऊन बोटाने, तळहाताने घोटतात. वाजिमाची मंडळी शंभराहून जास्त टप्पे मोजतात. थरामागे किमान एक दिवस, खालच्या थरांना त्याहून जास्त. नक्षीची पेटी वर्षभर हातात राहणं अगदी नेहमीचं. (1 जानेवारी 2024 च्या नोतो भूकंपात वाजिमातल्या कितीतरी कार्यशाळा आणि घरं गेली. तिथून मागवलेल्या कामाला उशीर लागला तर आश्चर्य नको.)

सोनं रंगवलेलं असतं का?

नाही, शिंपडलेलं असतं. या तंत्राचं नाव माकिए. क्रम असा:

1. चित्र पातळ कागदावर काढून मागून उरुशीने गिरवतात आणि कागद पेटीवर दाबतात. पुसट रेघा उमटतात.
2. लोहभुकटीने तांबूस केलेल्या उरुशीने, लांब केसांच्या बारीक कुंचल्याने त्या रेघा आणि भाग भरतात. इथे हात फार हलका लागतो. थर जाड झाला तर सोनं त्यात बुडून काळवंडतं.
3. उरुशी अर्धवट धरली की बांबूच्या किंवा पक्ष्याच्या पिसाच्या नळीच्या तोंडाला जाळीचं कापड लावून, नळीवर बोटाने टिचक्या मारत सोन्याची भुकटी पाडतात. लवकर टाकली तर बुडते, उशिरा टाकली तर चिकटतच नाही.
4. मुरोत वाळवून वर पातळ उरुशी पाजतात, म्हणजे कण पक्के होतात.
5. कोळशाने घासून, घोटून चमक आणतात.

भुकटीच्या कणांना क्रमांक असतात. आकडा लहान तितका कण बारीक. बारीक कण मऊ, मॅट पिवळे दिसतात. भरड कण घासल्यावर खरी धातूची झळाळी देतात आणि त्यांना सोनंही जास्त लागतं.

माकिएचे प्रकार नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात?

बऱ्याच अंशी. पेटी खिडकीजवळ तिरकी धरा. नक्षी पृष्ठभागापेक्षा केसभर वर असेल तर हिरामाकिए. बोट फिरवल्याशिवायही उंचवटा दिसत असेल, डोंगर-खडक फुगीर असतील तर ताकामाकिए. तिथे खाली कोळशाची किंवा मातीची भुकटी मिसळलेली उरुशी घालून उठाव दिलेला असतो. नक्षी आणि पार्श्वभूमी काचेसारखी एका पातळीत असेल तर तोगिदाशी: सोनं शिंपडून वर पूर्ण काळा थर चढवायचा आणि तो चित्र वर येईपर्यंत घासायचा. तोगिदाशीत एका ठिकाणी दोन घासे जास्त पडले की चित्राचा तुकडा कायमचा जातो. आम्हाला तीन प्रकारांत हाच सगळ्यात अवघड वाटतो, जरी दिसायला तो सगळ्यात साधा.

आतल्या बाजूला आणि तळाला सोन्याच्या चपट्या कणांचा शिडकावा आणि वर पिवळसर पारदर्शक उरुशी दिसते, ती नाशिजी. ढगांत आणि खडकांवर लावलेले सोन्याच्या पत्र्याचे अगदी बारीक चौकोनी तुकडे म्हणजे किरिगाने. ते एकेक करून बसवलेले असतात. भिंगाखाली ओळी किती सरळ आहेत ते पाहा, कारागिराचा दर्जा लगेच कळतो.

शिंपला आणि शिसं?

शिंपल्याच्या कामाला रादेन म्हणतात. अवाबी किंवा याकोगाईचा शिंपला वापरतात. जाड तुकडा साधारण एक मिलिमीटर, पातळ त्याच्या दहाव्या हिश्श्याचा. पातळ शिंपल्याला निळा-हिरवा रंग जास्त खुलतो. शिशाचा पत्रा रिम्पा शैलीच्या (पुढे येणाऱ्या कोएत्सू-कोरिनच्या परंपरेतल्या) कारागिरांनी मुद्दाम वापरला. काळ्यावर तो राखाडी, जड दिसतो आणि सोन्याची चमक आणखी उठते. शिशावर पांढरी भुकटी दिसली तर ती पुसू नका. तो शिशाचा गंज आहे आणि विषारीही. लाकडी कपाटातल्या, विशेषतः ओकच्या किंवा नव्या प्लायवुडच्या, आम्लाच्या वाफांमुळे तो वाढतो. पेटी तिथून हलवा.

कोणत्या पेट्या माहीत असायलाच हव्यात?

जुन्यांपैकी कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमानगू देवळाकडची, कुंपण आणि शेवंतीची, शिंपल्याच्या कामाची पेटी. ती निवृत्त सम्राट गो-शिराकावाने कामाकुराचा पहिला शोगुन (लष्करी राज्यकर्ता) मिनामोतो नो योरितोमो याला दिल्याची परंपरा आहे. पंधराव्या शतकातल्या शोगुन आशिकागा योशिमासाच्या काळात उंच उठावाचं काम भरात आलं आणि त्याच्या पदरच्या कोआमी घराण्याने पुढे कित्येक पिढ्या हे काम केलं. त्याच घराण्याच्या नागाशिगेने शोगुन तोकुगावा इएमित्सूच्या मुलीच्या, चियोहिमेच्या 1639 मधल्या लग्नासाठी 'हात्सुने' संच पुरा केला. नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयातल्या या संचात लेखनपेटीही आहे.

होनामी कोएत्सू (1558–1637) याची 'फुनाबाशी' पेटी टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. झाकण फुगून घुमटासारखं वर आलेलं, त्यावर सोन्याच्या होड्या आणि त्यांच्यावरून आडवा टाकलेला शिशाचा रुंद पट्टा, म्हणजे होड्यांचा पूल. त्याच संग्रहालयात ओगाता कोरिन (1658–1716) याची 'यात्सुहाशी' दोन मजली पेटी आहे: वर सुझुरी, खाली कागद. शिंपल्याची आयरिसची फुलं, सोन्याची पानं, शिशाचे फळीपूल, आणि पूल झाकणावरून उतरून चारी भिंतींवर फिरतो. एका बाजूने काढलेल्या फोटोत ही पेटी निम्मीच दिसते. एकोणिसाव्या शतकात शिबाता झेशिन (1807–1891) याने उरुशीतून जुन्या काशाचा, गंजल्या लोखंडाचा भास उभा केला.

चित्रांत अक्षरं लपवलेली असतात असं म्हणतात. ती कशी शोधायची?

खडक, गवत, पाण्याच्या लाटा, झाडाच्या फांद्या यांत अचानक सरळ किंवा वळणदार तुटक रेषा दिसली तर ती बहुधा अक्षर असते. ती ओळीने येत नाहीत, चित्रभर विखुरलेली असतात. जुन्या कवितेतले दोन-चार शब्द द्यायचे, उरलेले वाचणाऱ्याने आठवायचे किंवा चित्रात पाहायचे, असा हा खेळ आहे. कोएत्सूच्या फुनाबाशीवर 'गोसेन वाकाशू' संग्रहातली मिनामोतो नो हितोशीची कविता चांदीच्या अक्षरांत आहे, पण त्यातले 'होड्यांचा पूल' हे शब्द लिहिलेलेच नाहीत. शिशाचा पट्टा त्यांच्या जागी आहे. कोरिनच्या पेटीवर तर एकही अक्षर नाही आणि एकही माणूस नाही. आठ फळीपूल आणि आयरिस पाहिले की 'इसे मोनोगातारी' या जुन्या कथा-कवितांच्या ग्रंथातला घरापासून दूर निघालेला प्रवासी जाणकाराला आठवतो. त्यामुळे पेटीवर नुसतं हरण, नुसती रिकामी होडी किंवा नुसता चंद्र दिसला तर 'छान निसर्गचित्र' म्हणून सोडून देऊ नका.

खरी उरुशी आहे की प्लॅस्टिक, हे घरी कसं तपासायचं?

आधी लेबल असेल तर ते. जपानात विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंवर आतला पाया कशाचा आणि वरचा लेप कशाचा हे वेगवेगळं लिहावं लागतं. जपानी वाचणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या: लेप 'उरुशी' आहे, 'उरेतान' (पॉलियुरेथेन) आहे की 'काश्यू'. हे शेवटचं आपल्या ओळखीचं. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला लेप दिसायला उरुशीसारखा असतो, त्याला दमट कपाट लागत नाही आणि तो स्वस्त पडतो. फसवणूक तो नाही, पण उरुशीच्या किमतीला विकला तर आहे.

लेबल नसेल तर आतले कोपरे पाहा. साच्यातून काढलेल्या पेटीत कोपरे सारखे गोल, जाडी सगळीकडे एकच आणि कुठेतरी साच्याची बारीक रेघ असते. पेटी आकाराच्या मानाने जड आणि हाताला थंड लागली तर प्लॅस्टिक किंवा लाकडाच्या भुशाचा दाबलेला साचा. लाकडावरची उरुशी हलकी आणि कोमट लागते. सोन्याची नक्षी भिंगाखाली ठिपक्यांच्या एकसारख्या जाळीची दिसली तर ती छापलेली. जळती सुई टोचणं, स्पिरिट चोळणं असल्या चाचण्या करू नका. निकाल काहीही लागो, पेटी खराब होते.

जुनी पेटी घेताना फोटोत काय मागायचं?

चारही कोपरे, तळ, झाकणाची आतली बाजू, दगड काढून बैठक, आणि एका बाजूने टॉर्च मारून काढलेला झाकणाचा फोटो. तिरक्या उजेडात उचललेला पापुद्रा आणि नंतर भरलेली जागा लपत नाही. सरळ लांब तडा लाकडाच्या रेषेतून जात असेल तर आतली फळी आकसली आहे. असा तडा पुढेही वाढतो. जाळीसारखे बारीक तडे वरच्या थरातलेच असतात आणि त्यांना वयाच्या खुणा म्हणून सोडता येतं. सोन्यात कुठे हिरवट-तपकिरी डाग असेल तर तिथे दुरुस्ती करताना पितळेची भुकटी वापरली आहे. सोनं असं बदलत नाही. चांदी मात्र काळी पडते. ते नैसर्गिक आहे, घासून 'उजळू' नका.

सहीवर भिस्त ठेवू नका. नावाजलेल्या कारागिरांच्या सह्या पुढच्या पिढ्यांनी आणि नकलाकारांनी भरपूर घातल्या. किरी लाकडाची मूळ खोकी आणि तिच्यावरची शाईतली नोंद किंमत वाढवते, पण खोकी बदलता येते. पेटी तिच्यात नेमकी बसते का ते पाहा. हस्तिदंताची जडणघडण असेल तर भारतात तिची खरेदी-विक्री बेकायदा आहे, आणि परदेशातून आणतानाही अडचण येते. कासवाच्या कवचाबाबतही तोच विचार करा.

पेटी रोज वापरता येईल का? शाई कशी उगाळायची?

नवी पेटी जरूर वापरा. शंभर वर्षांची, सोनं भरलेली असेल तर दगड बाहेर काढून वेगळ्या फळीवर लिहा.

सुझुरीवर सुमी उगाळणं म्हणजे सहाणेवर गंध उगाळण्यासारखंच आहे. दगडाच्या उंच भागावर सुइतेकीने काही थेंब पाणी घाला. कांडी सरळ किंवा किंचित कलती धरून, भार न देता गोल फिरवा. दाट झालेली शाई खोलगट भागात सरकवा, पुन्हा थोडं पाणी घ्या. पत्रापुरत्या शाईला अर्धा चमचा पाणी आणि पाच-दहा मिनिटं पुरतात. जोर लावला तर कण भरड निघतात आणि कुंचला कागदावर अडखळतो. पाणी साधं आणि गार. गरम पाण्याने कांडीतला सरस सुटतो.

सुमी म्हणजे काजळी, प्राण्यांच्या सरसाची खळ आणि थोडा सुवास. जपानातली बहुतेक सुमी नारा इथे बनते. उगाळून झालं की कांडीचं ओलं टोक लगेच कागदाने टिपा. ओली ठेवली तर ती तडकते आणि दगडावर ठेवलीत तर चिकटून दगडाचा कण घेऊन निघते. दगड त्याच दिवशी साबणाशिवाय धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच पेटीत ठेवा. उरलेली शाई रात्रभर ठेवू नका, सरस नासतो आणि वास येतो. ओला दगड किंवा ओला कुंचला बंद पेटीत ठेवणं हे नव्या पेटीच्या तळावर बुरशी येण्याचं पहिलं कारण. बाटलीतली तयार शाई जुन्या दगडावर ओतू नका. तिच्यातलं कृत्रिम राळ वाळून दगडाची धार बुजवतं. कितीही उगाळलं तरी शाई दाटत नाही असं झालं तर दगड गुळगुळीत झाला आहे. अतिबारीक पाणधारेच्या दगडाने पाणी लावून दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने घासा.

महाराष्ट्राच्या हवेत पेटी टिकेल का?

टिकेल, पण प्रदेशानुसार काळजी उलटी आहे. सुरक्षित पट्टा साधारण 50 ते 60 टक्के आर्द्रतेचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती झटकन बदलू नये. लाकूड आकसतं-फुगतं, वरचा थर तितका हलत नाही, म्हणून तडा जातो.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा फार कोरडी होते. त्या दिवसांत पेटी किरीच्या किंवा साध्या लाकडी खोक्यात, कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवा. त्याच कपाटात पाण्याची छोटी वाटी ठेवायला हरकत नाही, पण खोक्यात नको. कूलरच्या झोताजवळ नको: दिवसा ओलं, रात्री कोरडं, हे सगळ्यात वाईट. एसीच्या झोतासमोर, टीव्हीवर किंवा दिव्याखाली तर नकोच. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात धोका बुरशीचा. सिलिका जेलच्या पुड्या भरपूर टाकून खोकं एकदम सुकवणं चूक आहे. पंधरवड्यातून एकदा, पाऊस उघडलेल्या दिवशी, खोकं तासभर पंख्यापासून दूर उघडून ठेवलं की भागतं. स्वस्तातल्या आर्द्रतामापकाचा आकडा तंतोतंत नसला तरी चढ-उतार कळतो, आणि तेवढं पुरे.

डांबराच्या गोळ्या पेटीला लागून ठेवू नका. जपानात जुन्या वस्तू हळदीत रंगवलेल्या पिवळ्या सुती कापडात गुंडाळण्याची पद्धत आहे, कसर लागू नये म्हणून. ते कापड घरी करता येतं, पण रंगवल्यावर ते पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर ओलाव्यात हळद उतरते.

उन्हाबद्दल एकच नियम: थेट ऊन कधीही नाही. अतिनील किरणांनी उरुशी आधी निस्तेज होते, मग तपकिरी, आणि शेवटी पृष्ठभागाची भुकटी होऊ लागते. हे उलटवता येत नाही.

साफ कशी करायची?

मऊ, रुंद, कोरड्या कुंचल्याने धूळ उडवा. मेकअपचा न वापरलेला कुंचला चालतो. मग घड्याळ-चष्म्याचं धुतलेलं कापड हलकेच फिरवा, दाब न देता. धूळ न काढता थेट पुसलं तर धुळीतल्या वाळूने झिलईवर ओरखडे पडतात. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा.

नव्या, चमकदार पेटीवर बोटांचे ठसे असतील तर पिळलेल्या कापडाने पुसून लगेच कोरड्या कापडाने टिपा. जुन्या, निस्तेज पेटीला पाणी लावू नका. उजेडाने खराब झालेला पृष्ठभाग पाण्यानेच पांढरट होतो. कोलिन, फर्निचर पॉलिश, खोबरेल तेल, मेण, सॅनिटायझर, यांतलं काहीही नको. खोबरेलाने चार दिवस चमक येते, मग तेल खवट होऊन धूळ धरतं.

टवका उडाला किंवा पापुद्रा सुटला तर?

तुकडा हरवू देऊ नका. तो पातळ कागदात घडी करून, 'कोणत्या बाजूचा' हे लिहून पेटीसोबत ठेवा. सुटू पाहणाऱ्या पापुद्र्यावर सेलोटेप लावू नका, काढताना सोनं घेऊन येते. फेव्हिक्विक आणि अ‍ॅराल्डाइट नको: ते लाकडापेक्षा कडक होतात, पुढचा तडा शेजारीच जातो आणि नंतर कुणी दुरुस्त करणारा मिळाला तरी आधी तुमचा गोंद काढण्यातच त्याचा वेळ जातो. पेटी सपाट, झाकण न लावता, हलकं सुती कापड टाकून ठेवा आणि संग्रहालयांसाठी काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाला दाखवा. भंगलेल्या कपबशीसाठी 'किन्त्सुगी' शिकवणारी किट या कामाची नाहीत.

उरुशीचं काम घरी शिकता येईल का?

सोन्याचं नाही, पण पुसून लावायची उरुशी येते. नवख्याने साध्या लाकडी पेटीवर सुरुवात करावी. लाकूड 240 ते 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कच्ची उरुशी कापडाच्या बोळ्याने चोळा, काही मिनिटांनी दुसऱ्या कापडाने जोर लावून पुसून टाका. हाताला थर जाणवता कामा नये. मग झाकणाच्या खोक्यात ओलं फडकं ठेवून 70-80 टक्के आर्द्रतेत एक-दोन दिवस. वाळली की 600-800 नंबरने हलकं घासून पुन्हा. पाच-सहा थरांत चमक दिसू लागते. मुंबईच्या जुलैमध्ये खोकं ओलं करायची बहुधा गरज नसते. नागपूरच्या मेमध्ये थर आठवडाभर चिकट राहिला तर दोष उरुशीचा नाही.

वापरलेली कापडं तशीच टाकू नका. पाण्यात भिजवून पिशवीत बंद करा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाताला लागणार नाहीत.

अंगावर पुरळ येते म्हणतात. पेटीला हात लावला तरी?

पूर्ण वाळलेल्या पेटीने येत नाही. ओल्या उरुशीने मात्र बहुतेकांना कधी ना कधी येते: खाज, लाली, पाण्याचे फोड. त्रास बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि दोन-तीन आठवडे राहू शकतो. बिब्बा उतणं, आंब्याच्या चिकाने ओठ फुलणं किंवा काजूच्या तेलाने हात सोलणं ज्यांना होतं, त्यांनी उरुशीपासून लांबच राहावं. दोष त्याच जातीच्या रसायनांचा आहे. नायट्राइलचे हातमोजे, लांब बाह्या. कातडीला लागली तर आधी गोडं तेल लावून पुसा आणि मग साबणाने धुवा. थेट पाण्याने चोळली तर पसरते. डोळ्यांजवळ सूज आली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

गोव्याचा या पेट्यांशी संबंध आहे का?

सुझुरीबाकोशी थेट नाही, जपानी उरुशीशी आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटापासून 1639 मध्ये पोर्तुगीजांना जपानातून हाकलेपर्यंत, नागासाकीहून मकावमार्गे गोव्याकडे जहाजं येत. जेझुइट पाद्री क्योतोच्या कारागिरांकडून घडीचे ग्रंथपीठ आणि प्रसादाच्या पेट्या करून घेत, व्यापारी कप्प्यांच्या पेट्या आणि गोल झाकणाचे पेटारे. त्यांवर शिंपला ठासून भरलेला असे. ही नान्बान शैली. पोर्तुगीज परंपरेच्या घरात असा पेटारा असेल तर तो सुझुरीबाको नाही, पण जपायचे नियम तेच.

प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

टोकियो राष्ट्रीय संग्रहालय, टोकियोचंच नेझू, क्योतो राष्ट्रीय संग्रहालय आणि नागोयाचं तोकुगावा. युरोपात लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. उजेडाच्या भीतीने उरुशीच्या वस्तू सतत मांडून ठेवत नाहीत, काही आठवड्यांनी बदलतात, तेव्हा जायच्या आधी संकेतस्थळावर प्रदर्शनाची यादी पाहा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या जपानी आणि चिनी कलावस्तू आहेत. काचेसमोर उभं न राहता गुडघे वाकवून पेटीच्या पातळीवर या: ताकामाकिएचा उठाव आणि भिंतीवरून वळणारं चित्र वरून पाहताना निसटतं.